खाज एक नव्हे, औषधही एक नव्हे: मुठेल, शतधौत घृत, आमसूल आणि करंजेल वापरून पाहिल्यानंतर

गेल्या दिवाळीपासून यंदाच्या मे महिन्यापर्यंत आमच्या घरात खाजेच्या चार निरनिराळ्या तक्रारी झाल्या. सासूबाईंचे वय ७८. थंडी सुरू झाली तशी त्यांच्या नडग्या आणि पाठ रात्र-रात्र खाजू लागली. माझ्या अंगावर दोनदा पित्त उठले. वसतिगृहात राहणारा पुतण्या सुटीत घरी आला तो मांडीवर गजकर्ण घेऊन, आणि उन्हाळ्यात धाकट्या मुलीची मान आणि पाठ घामोळ्यांनी भरून गेली. या निमित्ताने पुण्याच्या रविवार पेठेतल्या एका काष्ठौषधींच्या दुकानातून आणलेली, जावेने कुडाळहून पाठवलेली आणि काही घरीच केलेली औषधे वापरून झाली. त्यांचा अनुभव इथे सविस्तर मांडते आहे. मी वैद्य नाही. जे स्वतः लावले किंवा घरच्यांना लावून दिले, तेवढ्याबद्दलच माझे मत आहे, आणि जिथे डॉक्टरांकडे जावे लागले तिथे तसे स्पष्ट लिहिले आहे.

दुकानात जाऊन ‘खाजेवर काहीतरी द्या’ असे म्हणण्याची आपल्याला सवय असते, आणि पुड्यांवरही ‘सर्व प्रकारच्या खाजेवर’ असे छापलेले असते. सहा महिन्यांच्या अनुभवानंतर मला हे वाक्यच सर्वांत मोठी अडचण वाटते. आपली परंपराही खाजेला एकच रोग मानत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौथ्या अध्यायात दहा-दहा औषधांचे पन्नास गण सांगितले आहेत, आणि त्यांत खाज शमवणारा कंडूघ्न गण वेगळा, त्वचारोगांवरचा कुष्ठघ्न गण वेगळा आणि अंगावर उठणाऱ्या गांधींवरचा उदर्दप्रशमन गण वेगळा आहे. कंडूघ्न गणात चंदन, जटामांसी, बहावा, करंज, कडुनिंब, कुडा, मोहरी, ज्येष्ठमध, दारुहळद आणि नागरमोथा ही दहा द्रव्ये येतात. कुष्ठघ्न गणात खैर, हळद, वावडिंग, सातवीण यांच्या जोडीला चक्क बिब्बा आणि कण्हेर आहेत. उदर्दाच्या गणात टेंभुर्णी, चारोळी, बोर, अर्जुन, असाणा अशी निराळीच मंडळी दिसतात. खैर आणि सातवीण दोन गणांत आहेत, बहावाही दोन गणांत आहे, पण तिन्ही गणांत समान असलेले एकही द्रव्य नाही. ही यादी मी दुकानातच फोनवर वाचली आणि त्यानंतर प्रत्येक तक्रारीसाठी वेगळी वस्तू मागायची असे ठरवले.

सर्वांत समाधान मुठेलाने दिले, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करते. मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचे तेल. गोव्यात त्यालाच भिरंडेल म्हणतात. रातांबे फोडून साली आमसुलासाठी वेगळ्या काढल्या की ज्या बिया उरतात, त्या वाळवून, फोडून आतला मगज कुटतात आणि पाण्यात उकळतात. वर तरंगून आलेला स्निग्धांश निवाला की घट्ट होतो, आणि तो मुठीत दाबून त्याचे गोळे करतात. माझ्या जावेकडे दरवर्षी असे पाच-सहा गोळे होतात. पिवळसर पांढरा, मेणासारखा कडक गोळा, बोटांचे ठसे तसेच उमटलेले, आणि वास जवळजवळ नाहीच. दुकानातही मुठेल मिळते, पण तिथली वडी साच्यात घातलेली आणि अधिक पांढरी होती. परिणामात मला दोन्हींमध्ये फरक जाणवला नाही.

कोकणात मुठेल टाचांच्या भेगांसाठी ठेवलेले असते. वाटीत गरम करून रात्री टाचांवर लावायचे आणि मोजे घालून झोपायचे, ही रीत सर्वांना ठाऊक आहे. सासूबाईंच्या नडग्यांवर ते लावून पाहण्याची सूचना जावेचीच. त्यांच्या पायांवर पुरळ नव्हते, लाली नव्हती. होती ती केवळ कोरडी, माशाच्या खवल्यांसारखी सुटणारी कातडी आणि नखांनी ओढलेल्या रेघा. उतारवयात त्वचेतील तेलग्रंथींचे काम मंदावते, त्यात पुण्याच्या थंडीतली कोरडी हवा, कढत पाण्याची अंघोळ आणि सर्वांगाला साबण या तीन गोष्टी भर घालतात, असे आमच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितले होते. म्हणून आम्ही आधी अंघोळ बदलली: पाणी कोमट, वेळ दहा मिनिटांच्या आत, आणि साबण फक्त काखा, जांघा आणि पावलांना. अंग खसाखसा न पुसता टिपून घ्यायचे, आणि कातडी किंचित ओलसर असतानाच गरम करून पातळ केलेले मुठेल हातांवर घेऊन नडग्या, पोटऱ्या आणि पाठीला हलक्या हाताने चोपडायचे.

पहिल्या तीन-चार रात्री फार फरक नव्हता. आठवड्याच्या शेवटी खवले सुटायचे थांबले, आणि दुसऱ्या आठवड्यात सासूबाई सलग पाच तास झोपल्या, जे महिनाभरात झाले नव्हते. यात बदललेल्या अंघोळीचा वाटा किती आणि मुठेलाचा किती, हे मला वेगळे करून सांगता येणार नाही. एवढे मात्र नक्की, की जानेवारीत गोळा संपल्यावर आठ दिवस नुसती अंघोळ तशीच ठेवून पाहिली, तेव्हा खाज परतू लागली होती. मुठेलाचे गुण त्याच्या घडणीतच आहेत. ते साधारण ४० अंश सेल्सियसच्या आसपास वितळते, म्हणजे अंगाच्या उष्णतेने सहज पातळ होत नाही. त्यामुळे ते कपड्यांना न लागता कातडीवर थरासारखे टिकते आणि आतला ओलावा उडू देत नाही. अडचण मात्र याच गुणातून येते. गोळा थेट अंगावर घासला तर म्हाताऱ्या माणसाची पातळ कातडी ओढली जाते, आणि दर वेळी वाटी गरम करायला दुसरे माणूस लागते. चटका बसू नये म्हणून आधी स्वतःच्या मनगटावर लावून पाहणे आवश्यक आहे. किमतीचे म्हणाल, तर दुकानातली वडी औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या बऱ्या क्रीमच्या नळीहून स्वस्त पडली आणि तिच्या दुप्पट दिवस पुरली.

शतधौत घृताबद्दल माझे मत इतके सरळ नाही. गाईचे तूप तांब्याच्या परातीत घेऊन, थंड पाणी घालून तळहाताने फेसायचे, पाणी ओतून टाकायचे, आणि हे शंभर वेळा करायचे, अशी ही कृती आहे. नावातच ती सांगितलेली आहे. दुकानातली डबी पहिल्यांदा उघडली तेव्हा तिला गुलाबाचा वास आला. घटकांच्या यादीत सुगंधी द्रव्य होते. खाजणाऱ्या त्वचेला कृत्रिम सुगंध हा स्वतःच खाजेचे कारण ठरू शकतो, त्यामुळे ती डबी मी वापरली नाही आणि एका रविवारी शंभर ग्रॅम तूप घेऊन घरीच बसले. पहिल्या पंधरा-वीस धुण्यांत तूप सारखे निसटते आणि काहीच घडत नाही असे वाटते. चाळिसाव्याच्या पुढे पिवळा रंग उतरू लागतो, तुपाचा वास मंदावतो, आणि शेवटी परातीत पांढरेशुभ्र, लोण्याहून हलके असे काहीतरी तयार होते, जे बोटावर घेतले की थंड लागते. मला अडीच तास लागले आणि दुसऱ्या दिवशी मनगट दुखत होते.

ते थंड का लागते, याचे उत्तर त्या पांढऱ्या रंगातच आहे: इतके फेसल्यावर तुपात पाणी बारीक कणांनी मिसळून राहते, आणि लावल्यावर ते उडताना कातडी निवते. म्हणून आग होणाऱ्या, तापलेल्या खाजेवर ते उत्तम आहे. उन्हात फिरून आल्यावर माझे दंड लाल होऊन चुरचुरत होते, तेव्हा त्याने मिळालेला आराम मुठेलाने मिळाला नसता. जुन्या ग्रंथांतही त्याचा उपयोग दाहावर सांगितलेला आहे. सासूबाईंच्या कोरड्या नडग्यांवर मात्र ते तास-दोन तासच टिकले. शिवाय पाणी मिसळलेले असल्यामुळे आणि टिकवणारे कोणतेही द्रव्य नसल्यामुळे ते लवकर खवट होते. माझी वाटी फ्रिजमध्ये ठेवूनही तिसऱ्या आठवड्यात वास बदलला, आणि मी उरलेले टाकून दिले. करायचे तर पन्नास ग्रॅमच करावे, आणि विकत घ्यायचे तर सुगंध नसलेले शोधावे. मला ते एकाच दुकानात मिळाले, तेही सांगून ठेवल्यावर.

आता आमसुलाविषयी. अंगावर पित्त उठले की आमसुले पाण्यात भिजवून, कुस्करून तो कोळ अंगाला लावायचा, हा उपाय महाराष्ट्रात बहुतेक प्रत्येक घराला माहीत आहे. जोडीला आमसुलाचे सार किंवा साखर घातलेले कोकम सरबत पोटातही देतात. चरकाच्या उदर्दाच्या गणात कोकम नाही. हा आपल्या किनारपट्टीच्या स्वयंपाकघराने शोधलेला उपाय आहे आणि मला तो मनापासून प्रिय आहे, कारण लहानपणी आजीने तो माझ्या पाठीवर कितीतरी वेळा लावला आहे. दोन्ही वेळा मी सात-आठ आमसुले अर्धा तास भिजवून तो कोळ दंडांवर आणि मांड्यांवर लावला. लावल्यावर काही मिनिटांतच खाज निम्म्यावर आली. पण पित्ताची एकेक गांध उपचार केला नाही तरी सहसा २४ तासांच्या आत आपोआप बसते, त्यामुळे सकाळी अंग साफ झाले याचे सारे श्रेय आमसुलाला देणे मला योग्य वाटत नाही. कोळाचा गारवा आणि खाजवण्याऐवजी हाताला मिळालेले दुसरे काम, हा त्याचा खरा फायदा आहे, आणि त्या अस्वस्थ तासाभरात तो काही कमी नाही. आधीच खाजवून सोललेल्या जागी मात्र आंबट कोळ असा झोंबतो की डोळ्यांत पाणी येते, आणि कपड्यांवर त्याचे डाग पडतात. ओठ, जीभ किंवा डोळे सुजले, आवाज बसला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर आमसुले भिजवत बसू नये. त्या क्षणी रुग्णालय गाठावे.

पुतण्याच्या गजकर्णाची हकिगत जरा लांब आहे, आणि सर्वांत जास्त सावध राहण्याची गरज इथेच आहे असे मला वाटते. तो घरी आला तेव्हा मांडीवर वाटीएवढे गोल, कडेने उंच आणि मध्ये निवळलेले चट्टे होते. त्याआधी महिनाभर तो एका बसस्थानकाबाहेरच्या विक्रेत्याकडून घेतलेले ‘शंभर टक्के जडीबुटीचे’ मलम लावत होता. डबीवर ना घटकांची यादी होती, ना परवाना क्रमांक, ना तयार केल्याची तारीख. मलम लावले की दोन दिवसांत खाज आणि लाली गायब होई, आणि थांबवले की चट्टा आधीपेक्षा मोठा होऊन परत येई. त्वचारोगतज्ज्ञांनी डबी पाहून सांगितले की असे वागणारे मलम बहुधा स्टिरॉइड मिसळलेले असते. ते सूज दाबते पण बुरशीला मोकळे रान देते. अशा गैरवापरामुळेच केंद्र सरकारने २०१८ साली त्वचेवर लावायची अनेक स्टिरॉइड औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. वनौषधीच्या नावाखाली बिननावाच्या डबीतून तीच घरात येत असतील, तर ती आपल्या खऱ्या वनौषधींवरही अन्याय करणारी आहेत.

गजकर्णावर आपल्याकडे दोन जुनी औषधे आहेत, करंजेल आणि टाकळा. टाकळ्याचे संस्कृत नावच दद्रुघ्न, म्हणजे गजकर्णाचा नाश करणारा. पावसाळ्यात ज्याची कोवळी भाजी आपण खातो, त्याच्याच बिया लिंबाच्या रसात किंवा ताकात वाटून लावतात. त्याच्या बियांत अँथ्राक्विनोन वर्गातली द्रव्ये असतात, आणि या नात्याने एक रंजक गोष्ट आठवते: एकोणिसाव्या शतकात गजकर्णावर ‘गोवा पावडर’ नावाची पूड प्रसिद्ध होती. ती मुळात ब्राझीलमधल्या एका झाडाच्या खोडातून मिळणारी. पोर्तुगिजांमार्फत गोव्यात आली म्हणून तिला हे नाव पडले. तिच्यातल्या द्रव्याला पर्याय म्हणून १९१६ साली जर्मनीत डिथ्रॅनॉल हे औषध पुढे आले, आणि सोरायसिसवर ते पुढे दीर्घकाळ वापरले गेले. तेव्हा या औषधांत काही नाहीच, असे मी म्हणणार नाही.

पण पुतण्यावर आम्ही टाकळ्याचा लेप लावला नाही, कारण आधीच पातळ झालेल्या त्याच्या कातडीवर तो झोंबला असता. करंजेल एका छोट्या, ताज्या चट्ट्यावर डॉक्टरांना विचारून लावून पाहिले. करंजेल तपकिरी, दाट आणि कडवट वासाचे असते. तो वास चादरीला दोन धुण्यांनंतरही राहतो. खाज कमी झाली, चट्टा मात्र हलला नाही. अखेर डॉक्टरांनी दिलेल्या बुरशीनाशक गोळ्या आणि मलम नेमाने घेऊन, चट्टे दिसेनासे झाल्यावरही सांगितले तितके दिवस चालू ठेवून, तो बरा झाला. अंतर्वस्त्रे उन्हात कडकडीत वाळवणे आणि टॉवेल वेगळा ठेवणे याचाही वाटा होता. खरजेवरही लोक करंजेल लावतात. खरूज अंगात बिळे करून राहणाऱ्या बारीक किड्यामुळे होते, रात्री ती अधिक खाजते, बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटांवर आधी दिसते, आणि घरातल्या सर्वांनी एकाच वेळी उपचार घेतले नाहीत तर फिरून येते. एकट्याने करंजेल चोळत राहणे म्हणजे इतरांना ती वाटत राहणे होय. खाज शमवण्यासाठी करंजेल चांगले, रोग मारण्यासाठी अपुरे, असे माझे मत झाले आहे. आणि चरकाने त्याला कुष्ठघ्न गणात न घालता कंडूघ्न गणात घातले, हे मला तेव्हा फार अर्थपूर्ण वाटले.

कडुनिंबाविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्याच्याविषयी सर्वांना सर्व माहीत असते. पाने उकळून ते पाणी कोमट करून अंघोळीला घेतल्याने खाजवलेल्या जागा स्वच्छ राहतात आणि बरे वाटते. पण सासूबाईंची कोरडी कातडी त्याने आणखी कोरडी झाली, म्हणून ते आम्ही थांबवले. दुकानदार निंबतेलाची बाटली देताना म्हणाले की युरोपात पेटंटचा खटला भारताने जिंकला, एवढे हे औषध सिद्ध आहे. तो खटला जिंकला हे खरे आहे. युरोपीय पेटंट कार्यालयाने २००० साली ते पेटंट रद्द केले आणि २००५ साली त्यावरचे अपीलही फेटाळले. मात्र ते पेटंट वनस्पतींवरच्या बुरशीसाठी होते, आणि वादाचा मुद्दा हे ज्ञान नवे आहे की आपल्याकडे आधीपासूनच आहे, हा होता. माणसाच्या गजकर्णावर निंबतेल किती चालते, याचा निवाडा तिथे झालेला नाही. लहान मुलांच्या पोटात निंबतेल कधीही देऊ नये. त्यातून गंभीर विषबाधा होते.

घामोळ्यांच्या बाबतीत मी स्वतः चूक करणार होते. मुठेलाने सासूबाईंना इतका आराम मिळाला होता की मुलीच्या पाठीलाही तेच लावायला निघाले. घामोळ्या घामाच्या नळ्या तुंबल्यामुळे येतात. त्यांवर तेल-तुपाचा थर दिला तर त्या आणखी तुंबतात. दारातूनच सासूबाईंनी हटकले आणि सहाणेवर चंदन उगाळायला घेतले. वाळा घातलेल्या माठातल्या पाण्याने दिवसातून दोनदा अंग पुसणे, चंदनाचा पातळ लेप, सुती सैल झबली आणि पंख्याखाली झोप, एवढ्याने चार दिवसांत घामोळ्या मावळल्या. दुकानातल्या चंदनाच्या पुडीपेक्षा उगाळलेले खोड घ्यावे. पुडीत काय मिसळले आहे ते डोळ्यांना कळत नाही. उटण्याची पुडीही घरात होती, नागरमोथा, गव्हला कचोरा, आंबेहळद, वाळा घातलेली सुवासिक. दिवाळीच्या अभ्यंगाला तिच्याइतके सुंदर काही नाही, पण खाजणाऱ्या अंगावर ती चोळणे म्हणजे खरखरीत घासणे होते, त्यामुळे ती यंदा कपाटातच राहिली.

ज्या दुकानातून ही खरेदी केली त्याच्याविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. तिथे नागरमोथ्याच्या गाठी, बहाव्याच्या शेंगा, दारुहळदीच्या काड्या अख्ख्या स्वरूपात मिळतात, आणि हातात घेऊन, वास घेऊन निवडू देतात. पूड मागितली तर समोर कुटून देतात. हा मोठा गुण आहे. मात्र गल्ल्यावर बिब्बे उघड्या परातीत ठेवलेले होते आणि एका गृहस्थांना ‘चामखीळ आणि खाज दोन्हींवर लावा’ असे सांगून ते दिलेही गेले. बिब्बा उतला म्हणजे कातडीला काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे ऐकून धसका बसेल. शोधन न केलेला बिब्बा अंगाला लावून फोड आणि जखमा झाल्याची माणसे आमच्याच गावात आहेत. मी हे तिथल्या ज्येष्ठ मालकांना शांतपणे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि पुढच्या खेपेला बिब्बे बरणीत, मागच्या फळीवर गेलेले दिसले. अशा दुकानात मी पुन्हा जाईन.

मुठेलाचा कडकपणा ही एकच गोष्ट सोडवायची राहिली होती. मार्चमध्ये मी निम्मे मुठेल आणि निम्मे घाण्याचे खोबरेल एकत्र मंद आचेवर वितळवून रुंद तोंडाच्या बरणीत ओतून पाहिले. पुण्याच्या उन्हाळ्यात ते मऊ मलमासारखे राहते, बोटाने सहज निघते, आणि सासूबाईंना वाटी गरम करून देण्यासाठी माझी वाट पाहावी लागत नाही. थंडीत ते किती घट्ट होते ते पाहून खोबरेलाचे प्रमाण वाढवावे लागेल. जावेला यंदा चार गोळे जास्त करायला सांगितले आहेत. बिया वाळत घातल्याचा तिचा निरोप कालच आला.